शंभर टक्क्यांची आमटी

आमच्या घरात टक्का शिरला तो धुण्याच्या पावडरीच्या पुडीतून.

सिरसाळ्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान. आमचे मालक, म्हणजे गुरुपादअप्पा, पुढं गल्ल्यावर आणि मी मागं चुलीवर. (मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि नात लिहून घेते. चूक सापडली तर तिच्या कॉलेजाला विचारा.) ते दिवसच नव्या नवलाईचे होते. घरांवर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, शाम्पू पुडीत मिळायला लागला होता, आणि ज्या बाया आयुष्यभर शिकेकाईनं न्हायल्या त्या पुडीचा कोपरा दातानं फाडून डोळे चोळत बसायच्या. अशात एके दिवशी दुकानापुढं जीप थांबली आणि टाय बांधलेला माणूस उतरला. भर चैताच्या उन्हात टाय! मला वाटलं, बिचाऱ्याच्या गळ्याला काही झालंय.

त्यानं दुकानापुढच्या बायांना पावडरीच्या पुड्या फुकट वाटल्या आणि लगेच विचारलं, "ताई, पावडर कशी आहे?" हातात फुकटची पुडी असताना वाईट कोण म्हणेल? "लई चांगली," म्हणाल्या सगळ्या. त्यातल्या एकीनंही पुडी फोडली नव्हती. त्यानं कागदावर रेघा ओढल्या आणि मालकांना म्हणाला, "बघा अप्पा, शंभर टक्के गृहिणींची पसंती! याला सर्व्हे म्हणतात. आता अंदाजाचा जमाना गेला."

तो गेला. पण जाता जाता आमच्या मालकांना चावून गेला.

त्या दिवसापासून घरात टक्क्याशिवाय बोलणं नाही. "शिवम्मा, आज भाजी ऐंशी टक्के बरी झाली."

"मग उरलेली वीस कुठं गेली?"

"मिठात."

म्हशीला नवं पोत्यातलं खाद्य सुरू केलं, तेव्हा दूध निम्म्यानं वाढलं. "पन्नास टक्के वाढ!" म्हणून मालक गल्लीभर सांगत फिरले. उन्हाळा तापला तसं तेच दूध निम्म्यावर आलं. मी तोंड बारीक केलं तर म्हणाले, "खामखा फिकर करतीस. पन्नास वर गेलं, पन्नास खाली आलं. पैल्याइतकंच हाय." मला पटलं. चरवीला मात्र पटेना. पहिल्या दुधाला ती कशी गळ्यापर्यंत भरायची, आता भरायलाच तयार नाही. मी तिला आतून घासून पाहिली, ठोकून पाहिली. शेवटी चरवीच मोठी झाली असणार, असं ठरवून गप्प बसले.

अशात आमच्या वर्षाराणीचं नांदूरघाटला जमत आलं. मुलगा योगीराज. बघायला आला तेव्हा घाबरून बशीतल्या चहावर इतक्या जोरात फुंकर मारली की, अर्धा चहा त्याच्याच शर्टावर. बाकी सगळे हसले. वर्षा हसली नाही, आत येऊन मला हळूच म्हणाली, "माय, हाच बरा हाय." त्या दिवसापासून पोरीचं भाकरीत लक्ष नव्हतं. एक भाकरी करपायची आणि एक कच्ची. (मालक म्हणायचे, सरासरी बरोबर भाजलीय.)

आता राहिला साखरपुडा, आणि तिथंच घोडं अडलं. आमच्याकडं मुलीवाल्यांनी पाहुण्यांना येसराची आमटी घालायची रीत. धान्य-डाळी भाजून, मसाला घालून दळलेलं ते येसर, आणि त्याची ती दाट, लाल आमटी. अंगावरचं सोनं लोक विसरतात, आमटी विसरत नाहीत. त्यात मुलाचा बाप काशिनाथअप्पा म्हणजे जमदग्नी. आधीच्या एका सोयरिकीत हा माणूस "आमटी पाणचट हाय" म्हणून भरल्या ताटावरून उठला होता आणि सोयरीक तिथंच मोडली होती. हे कानावर आलं आणि वर्षाच्या सगळ्याच भाकरी करपायला लागल्या.

मालकांनी मांडीवर थाप मारली. "अंदाजाचा जमाना गेला! आपण सर्व्हे करू."

घर बघायच्या निमित्तानं आम्ही दोघं नांदूरघाटला गेलो. ठरलं असं की, मालकांनी ओसरीवर बाप्यांना विचारायचं आणि मी आत बायांना. मीही कंपनीच्या माणसासारखी पदर सावरून बसले. समोर विहीणबाई, जावा, नणंदा, सगळ्या ओळीनं. आणि मधोमध तक्क्याला टेकून विहीणबाईंची सासू. तिला सगळे मोठीआई म्हणत. तोंडात दात नव्हते, पण सगळ्या घराचा लगाम तिथंच.

"तिखट कसं चालतं तुमाला?" मी विचारलं.

विहीणबाईंनी आधी सासूकडं पाहिलं. "आमी लई कमी खातो, बाई."

"मी तर मिरचीला शिवतबी न्हाई," धाकटी जाऊ म्हणाली.

"मला तर वासानंच ठसका लागतो," नणंद म्हणाली.

मोठीआई म्हणाली, "तिखट खाणारी बाई तोंडाळ निघती. आमच्या घरात तसली एकबी न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला किती बरं वाटलं! एवढा एकमुखी सर्व्हे तर टायवाल्यालाही मिळाला नसेल.

ओसरीवर मालकांचंही जोरात चाललं होतं. काशिनाथअप्पांचा भाऊ बंकट म्हणत होता, "ठेचा नसला तं घास उतरत न्हाई आपल्याला."

दुसरा म्हणाला, "बे, तू ठेचा भाकरीसंगं खातू. मी नुसता खातू!"

काशिनाथअप्पांनी मिशीवर हात फिरवला. "फिक्की आमटी म्हंजे आजाऱ्याचं जेवण. आमटी अशी पायजे, की कानातून धूर निघावा."

परतीच्या एसटीत मालक पुढच्या दांड्यावर बोटानं रेघा ओढत म्हणाले, "बाया शंभर टक्के सौम्य, बापे शंभर टक्के जहाल. कावून फिकर करायची? दोन पातेली करू!" मला हे इतकं पटलं की, घरी आल्या आल्या शेजारच्या ताराबाईला मी ती माझीच अक्कल म्हणून सांगितली. ताराबाईच्या हातच्या येसराला सगळा सिरसाळा नावाजायचा. ती म्हणाली, "बाई, बापे तिखट खातेत म्हणून कुणी सांगितलं?"

"बाप्यांनीच!"

"मग बरोबर आसंल," म्हणाली आणि तिनं ठसठशीत लाल मिरच्या कांडायला घेतल्या.

साखरपुडा थाटात झाला. टेम्पोवाल्याला परतायची घाई म्हणून बाप्यांची पंगत पुढं मांडवात आणि बायांची माजघरात, अशा दोन्ही एकदमच बसवल्या. मागच्या पत्र्याच्या शेडात दोन पातेली. एक लालभडक, दुसरं आजाऱ्याला चालेल असं.

मांडवात पहिला घास गेला आणि सगळ्यांची नाकं वाहायला लागली. बंकट डोळे पुसत होता. नुसता ठेचा खाणारा गडी दर घासाला तांब्या तोंडाला लावत होता. मालक वाढप्यांच्या मागं मागं फिरत विचारायचे, "कशी झालीय आमटी?"

"एक नंबर!" बंकट म्हणाला. त्याचा आवाज बाईसारखा निघाला.

मी माजघरात विचारलं तर विहीणबाई पोळी कुस्करत म्हणाल्या, "छान हाय," आणि असा सुस्कारा टाकला, की मला वाटलं त्यांना माहेर आठवलं.

"दोन्हीकडं शंभर टक्के!" मालक माझ्या कानात म्हणाले. तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. काशिनाथअप्पांची जागा रिकामी होती. ताट भरलेलं, अप्पा उठलेले.

वर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनंही तो रिकामा पाट पाहिला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं नव्हतं. मी अप्पांना शोधायला मागच्या दारानं धावले.

शेडात काशिनाथअप्पा बायांच्या पातेल्यावर वाकून, वाटीनं फिक्की आमटी घटाघटा पीत होते. मागल्या सोयरिकीत हा माणूस कशानं उठला असेल, ते मला त्या घडीला कळलं. मी काही बोलायच्या आत दुसऱ्या बाजूनं विहीणबाई पदराखाली वाटी धरून आल्या आणि बाप्यांच्या लाल पातेल्यात ती बुडवली. तेवढ्यात तिसरी वाटी पुढं आली. ती मोठीआईची.

"कावून गं?" मोठीआई सुनेला म्हणाली. "तू तं मिरची खात न्हाईस न्हवं?"

"आन तुमी हितं कावून आलात, आत्याबाई?"

"मी..." मोठीआईनं वाटीकडं पाहिलं, मग लेकाकडं वळली. "आन तू रे?"

"मी हात धुवायला आलतो," अप्पा म्हणाले. हातात आमटीची वाटी, मिशीला आमटी.

तिघांची इज्जत एका शेडात उघडी पडली होती. अशा वेळी माणूस लाजतो आणि मग चिडतो. अप्पांच्या नाकपुड्या फुगल्या. आता सोयरीक मोडली म्हणून मी डोळे मिटले.

तर माझ्या मागून वर्षाचा आवाज आला, मुद्दाम मांडवात ऐकू जाईल असा. "अगं माय! तू पातेली उलटी ठिवलीस की! पाहुण्यांनी चूक धरली म्हणून बरं झालं. मोठीआई, आमच्या मायला ऱ्हात न्हाई ध्यानात, माफी करा." असं म्हणून तिनं दोन्ही पातेल्यांची जागा बदलली आणि वाढप्यांना हाक मारली.

पातेली नीटच होती, हे सांगायला मी तोंड उघडलं. वर्षानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी ते मिटलं.

मग काय! लाल पातेलं माजघरात गेलं आणि बायांची पंगत पुन्हा बसल्यासारखी जेवली. मांडवात "पातेल्यांचा घोळच झालाय, आता बायांची हाय तं हाय, आज चालवून घेऊ" म्हणत बापे फिक्क्या आमटीवर तुटून पडले. निघताना मोठीआईनं नाक पुसत वर्षाच्या गालावरून हात फिरवला. "पोरगी लाखाची हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मायला जरा कमी कळतंय, पण पोरगी लाखाची."

आता ना काशिनाथअप्पा राहिले, ना मोठीआई, ना ताराबाई. दुकानातल्या पुड्यांवर अजून शंभर टक्के लिहून येतं, आणि ते वाचलं की मालकांना तो दिवस आठवतो. "आपला सर्व्हे एकदम बरोबर होता," ते सगळ्यांना सांगतात. "हिनंच पातेली उलटी ठिवली." अप्पा होते तोवर त्यांच्या मिशीखातर मी गप्प बसले. ते गेल्यावर खरं सांगितलं, तर मालकांचा विश्वास बसेना.

परवा वर्षाची लेक अपेक्षा अंबाजोगाईहून आली. हीच माझी लिहून घेणारी नात. कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. म्हणाली, "आज्जी, जुन्या जोडप्यांचा सर्व्हे करतीय. संसारात तू किती टक्के सुखी?"

मालक समोरच बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"शंभर टक्के," मी म्हणाले. "आन तुझ्या आजोबाला विचारलंस का?"

"सकाळीच. तू देवळात गेलतीस तेव्हा."

"किती म्हणले?"

"पस्तीस."

"आं? एवढेच? कावून?"

अपेक्षानं मान खाली घातली. "म्हणले, पातेली उलटी ठिवल्याचे कापलेत."