रंगकाम चालू आहे

आयब्रो करण्याआधी प्रार्थना करणारी बाई आख्ख्या जबलपुरात एकच असेल, आमच्या शेजारच्या पार्लरवाल्या रूथताई. आपण खुर्चीत मान मागे टाकून दोन्ही हातांनी पापणी ताणून धरायची, आणि रूथताई हातात दोरा घेऊन डोळे मिटणार. "प्रभू येशू, माझा हात स्थिर ठेव. ह्या बहिणीला सहनशक्ती दे." इथे थांबतील तर शप्पथ! पुढे मिश्राजींची बदली, जोशीकाकूंचा गुडघा, वरच्या मजल्यावरच्या नवराबायकोला सद्बुद्धी. मोहल्ल्याची खबर हवी असेल तर आयब्रो करून घ्यावेत.

त्यांचे वडील फॅक्टरीत होते, तेव्हापासून हे मराठी ख्रिस्ती घर इथलंच. लाईट गेली की रूथताई म्हणणार, "कृपा आहे जी." गिऱ्हाईक आलं नाही तरी कृपा. एकदा माझ्या कोऱ्या चपलेवर गरम मेण सांडलं, तेव्हाही कृपाच! "पाय तर वाचला ना, वहिनी!" आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

आणि ह्या बाईंना कोड आहे. गालावर, गळ्यावर, हातांवर पांढरे डाग. पार्लर चालवणारीनं ते झाकावेत की नाही? छे! कोणी दारातूनच परत फिरलं तर ह्या हसून म्हणणार, "फिर आना, दीदी." एक मुलगी 'मला गोरं करा' म्हणून हटून बसली, तर तिच्यापुढे आपला गालच केला. "मला देव फुकटात करून राहिला, मी घाई केली का? रंगकाम चालू आहे त्याचं. रोज थोडी थोडी नवीन करून राहिला मला." मुलगी हसत सुटली आणि नुसते केस कापून गेली. इतका तोरा मी एखाद्या रूपवतीतही पाहिला नाही.

मग माझ्या सईचं लग्न आलं. पत्रिका वाटून झाल्या आणि पोरीच्या कानाजवळ पांढरा डाग निघाला. डॉक्टरांनी कोडच सांगितलं. सईनं जेवण टाकलं. मी तिला धरून तडक रूथताईंकडे नेलं. म्हटलं, "असं झाका, की मांडवात कोणाला दिसता कामा नये."

"झाकते ना. माझ्या हातचा मळ आहे." त्या सईसमोर बसल्या. "पण पोराला सांगितलं काय?"

"काहून सांगायचं?" माझं डोकंच फिरलं. "लग्न मोडलं तर? तुमचं काय जातं?"

रूथताईंचं माझ्याकडे लक्षच नाही. "सई, बेटा, न सांगता गेलीस तर रोज त्याच्या आधी उठून तोंड रंगवावं लागेल. जमेल?"

सईनं मोबाईल काढला. दोनदा भलताच नंबर लावला, तेव्हा रूथताईंनीच फोन धरला, स्पीकर लावून. मी पदर तोंडात कोंबून उभी. सई रडत रडत सगळं बोलून गेली. पलीकडे आदित्य, आमचा होणारा जावई. माझं तर मनात पत्रिका परत गोळा करणं सुरू झालं.

मग तो म्हणाला, "दुखतं का ग?"

"नाही," म्हणून सईनं जो हुंदका दिला! "अच्छा, मग झालं तर. संध्याकाळी येतो," तो म्हणाला. मी आमच्या सगळ्या देवांना हात जोडले आणि रूथताईंच्या देवालाही जोडले.

वळून बघते तर रूथताई भिंतीकडे तोंड करून उभ्या, चेहरा टॉवेलात खुपसलेला. खांदे हलून राहिलेले.

"अहो, काय झालं?"

"माझंही ठरलं होतं, वहिनी. डाग निघाला आणि त्यांचा निरोप आला, नको म्हणून." त्यांनी नाक पुसलं. "दुखतं का म्हणून कोणीच नाही विचारलं. आज देवानं विचारलं."

"अहो, तो आदित्य होता. सईला विचारत होता."

"माहीत आहे मला," रूथताई म्हणाल्या. "पण फोन माझ्या हातात होता ना."