एकतीस गुणांचे पेढे

"डॉक्टर जीभ बघून पोट सांगतो, मी उत्तरपत्रिका बघून पोराची खरी इयत्ता सांगतो," असं हरेश्वर सर स्टाफरूममध्ये छाती काढून सांगत. बढाईला काही हरकत नव्हती, कारण रेवदंड्याच्या त्या शाळेत पोराची खरी इयत्ता विचारायला आजवर कोणी आलंच नव्हतं. ज्या शाळेतला सूक्ष्मदर्शक फक्त तपासणीच्या दिवशी कपाटाबाहेर येतो आणि साहेबांचं जेवण झालं की परत आत जातो, तिथे पोरांना विज्ञान किती येतं याची चौकशी कोण करणार?

मग प्राप्ती आली. नववीतली कोळ्यांची पोर. मावसभावाने शिक्षण सोडून होडीवर जाताना टाकून दिलेली अकरावी-बारावीची पुस्तकं तिने कादंबरीसारखी वाचून काढली होती, आणि वर्गात ती असे प्रश्न विचारायची की सरांना तातडीने खडू आणायला बाहेर जावं लागे. एवढा खडू त्या शाळेला कधीच लागला नव्हता.

पुण्याच्या एका विज्ञान संस्थेने अशा मुलांसाठी निवासी वर्ग काढला होता. राहणं, जेवण, प्रयोगशाळा, सगळं फुकट. अट एकच. शाळेने मुलाला चढत्या इयत्तांच्या चाचण्या द्यायच्या, आणि तो जिथे निम्म्याच्या खाली घसरेल तिथे थांबायचं. तिथूनच ते शिकवायला सुरुवात करणार. कुठेच घसरला नाही तर पातळी कळली नाही, अर्ज बाद. प्राप्तीचा जीव त्या जागेत अडकला होता. ती हुकली तर पुढे आईच्या शेजारी उभं राहून वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायचे, हे ठरलेलंच होतं.

सरांनी चाचणी निवडली ती आपल्याकडे निवडतात तशीच, म्हणजे जिच्या मागे उत्तरं छापलेली होती ती. नववीची. प्राप्तीला पैकीच्या पैकी.

"वा," सर म्हणाले. "आता दहावीची."

"सर, मला येणार न्हाय असाच पेपर द्या ना एकदम."

"पायरीपायरीनं जायचं असतं, बाय."

पहिल्याच पायरीची बातमी मितेशला लागली. मितेश हा प्राप्तीचा मामा. त्याचा धंदा काय हे कोणाला नक्की ठाऊक नव्हतं, पण बॅनर सगळ्यांना ठाऊक होते. कोणाचा वाढदिवस असो, कोणाची नवी गाडी असो, मितेश बॅनर लावल्याशिवाय जेवत नसे. रिक्षा स्टँडवर प्राप्तीचा फोटो झळकला, बोटाएवढा. शेजारी मितेशचा, गॉगल घातलेला, दरवाजाएवढा. दहावीतही पैकीच्या पैकी पडले तेव्हा बॅनर वाढला आणि त्यावर मार्गदर्शक म्हणून हेडसर आले. फोटो दिल्यावर त्यांनी वर्गात येऊन विचारलं, "यातली प्राप्ती कोण?" अकरावीच्या बॅनरने तर अलिबागच्या रिक्षांची पाटीच झाकून टाकली. किल्ला बघायला आलेले पाहुणे विचारू लागले, निवडणुकीला कोण उभं आहे.

हरेश्वर सरांना मात्र घाम फुटला होता. मागे उत्तरं छापलेली पुस्तकं संपली आणि पोरगी घसरायचं नाव घेईना. शेवटी त्यांनी अलिबागच्या कॉलेजातला एक मित्र गाठला आणि बारावीचा असा पेपर काढून आणला की तो नुसता बघून त्यांचंच डोकं ठणकायला लागलं. तपासलाही त्या मित्रानेच. शंभरात एकतीस.

सर नाचायचेच बाकी राहिले. पेढ्यांचा पुडा घेऊन ते तडक किनाऱ्यावर गेले. प्राप्तीची आई किशोरी बोंबील टांगत होती. मितेश बाजूला फोनवर बोलत होता.

"किशोरीताई, तोंड गोड करा. प्राप्ती नापास झाली."

किशोरीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "सर, सकाळीच थोडी घेऊन आलाव काय?"

"अहो, नापास होईपर्यंतच परीक्षा घ्यायची होती. तीन वेळा केलं, जमलं नाही. मग मी मुद्दाम अलिबागहून अवघड पेपर आणला."

"मुद्दाम?" किशोरीने बोंबील खाली ठेवला. हे लक्षण बरं नव्हतं. "माज्या पोरीला पाडाला तुमी पार अलिबागला गेलाव? तिनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"ताई, ती जिथे पडेल तिथून ते तिला उचलणार आहेत."

"मंग पाडता कनाला? उभीच न्यावी की."

मितेशने फोन कानावरून काढला. "सर, बॅनर छापून झाला हाय. बारावीत शंभरपैकी शंभर."

"शंभर कोणी सांगितले तुला?"

"तीनदा पैकीच्या पैकी आले, चौथ्यांदा काय येगळं येनार? निकालाची वाट बघत बसलो तर फ्लेक्सवाला टायमावर देत न्हाय."

दुपारी हेडसरांनी हरेश्वर सरांना बोलावलं. "त्या बॅनरवर माझा फोटो आहे. फोटोखाली शंभर छापलंय. मग पेपरात एकतीस कसे?"

"तिला एकतीसच मिळाले, सर."

"म्हणजे तुम्ही चाचणी चुकीची निवडलीत. बॅनरला बसेल अशी निवडा."

"बारावीची तशी कुठे मिळते?"

"सहावीची घ्या आणि वर बारावी लिहा."

अशा माणसाला दर पाच सप्टेंबरला शाल आणि श्रीफळ देतात, आणि देताना टाळ्याही वाजवतात.

नोकरी हेडसरांच्या हातात होती. सरांनी सहावीचा पेपर प्राप्तीपुढे ठेवला.

"सर, यात बेडूक रंगवायचाय."

"रंगव."

"शंभर पडले की अर्ज बाद, असं तुमीच सांगितलेलं."

सरांनी रंगीत पेन्सिलींचा डबा तिच्यापुढे सरकवला. प्राप्तीने हिरवी पेन्सिल उचलली. बेडकाचा एक पाय हिरवा झाला आणि सरांना बघवेना. त्यांनी पेपर ओढून घेतला, फाडला, आणि हेडसर जेवायला गेलेले असताना एकतीस गुणांच्या पेपरावर शाळेचा शिक्का मारून चारही उत्तरपत्रिका पुण्याला पाठवून दिल्या.

स्टँडवर शंभराचा बॅनर लागला तो लागलाच. किशोरीने सरांच्या घरी मासळी देणं बंद केलं, आणि तिच्यामागे सगळ्या कोळणींनी. समुद्र घराच्या मागे असून सर पडवळ खाऊ लागले.

मग पुण्याचं उत्तर आलं. प्राप्तीची निवड झाली होती. बारावीच्या पेपरातल्या तिच्या चुका फार विचारपूर्वक केलेल्या आहेत, असं संस्थेने खास कळवलं होतं. त्या संध्याकाळी किशोरी सरांच्या घरी आली, दोन पापलेटं ओट्यावर ठेवली, "ताजी हायेत," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

मितेशला जुना बॅनर उतरवावा लागला. नव्यावर लिहिलं होतं, "नववीत असताना बारावीत नापास होणारी तालुक्यातील पहिली कन्या." हेडसरांचा फोटो आता मितेशएवढाच होता, आणि खाली "या अपयशाचे शिल्पकार."

दुसऱ्या दिवशी सर शाळेत पोचले तर व्हरांड्यात पालकांची रांग. सगळ्यात पुढे मासळी बाजारातली नलू, पोराचं बखोट धरून.

"सर, हा माजा चिराग. सातवीत हाय आनि पाचवीच्या पेपरात नापास होतो. याला पुन्याला कदी पाठवताव?"

"नलूताई, ते तसं नसतं हो."

"कसं नसतं? तिला पाडाला तुमाला अलिबागला जावं लागलं. ह्यो घरबसल्या पडतो."

सरांनी मदतीसाठी हेडसरांच्या केबिनकडे पाहिलं. हेडसर दारातच उभे राहून रांगेची लांबी बघत होते.

"हरेश्वर सर, सगळ्यांची नावं घ्या," ते म्हणाले. "मी कोट घालून येतो, मितेशला नवा फोटो लागेल."