दामोदरकाकांचं शेडकार्ड

आमच्या मजल्यावरचे दामोदरकाका कुणालाही 'कसा आहेस' असं विचारत नाहीत. ते माणसाची बाही धरतात, ओढत गॅलरीच्या पूर्वेकडच्या टोकाला नेतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात. "अर्धी शेड उतरलास. पोट बिघडलंय का?" पोस्टमन झाला, गॅसवाला झाला. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी असंच नेलं. त्याला वाटलं, म्हातारा पाण्याचं गाऱ्हाणं सांगणार. काका म्हणाले, "बॅनरवर तुम्ही बिस्किट कलरचे आहात आणि प्रत्यक्षात काथ्या. बॅनर बदला."

हिंदमाताजवळच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये काकांनी छत्तीस वर्षं काढली. साडी घेऊन आलेल्या बाईला तिच्याशी तंतोतंत जुळणारं ब्लाउजपीस काढून द्यायचं, हे काम. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "ट्यूबलाइटखाली सगळं मॅच होतं, पोरी. उजेडात ये." साडी एका हातात, कापड दुसऱ्या हातात, असे ते सरळ रस्त्यावर उतरायचे, मागे बसवाला हॉर्न मारून मरेना का. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले तेव्हा मालकाने भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. ह्यांनी दुकानातलं जुनं शेडकार्ड मागून घेतलं. नखाएवढे कापडाचे तुकडे चिकटवलेलं एक जाड पुस्तक. तेव्हापासून परळची आमची आख्खी चाळ म्हणजे त्यांचं दुकान झालंय.

आता माझी अडचण समजून घ्या. मी आणि माझ्या मैत्रिणी गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध पत्रकं काढतो. स्टेशनाबाहेर वाटतो, कॉलेजांत जाऊन भांडतो. 'माणसाला रंगावरून ओळखणं बंद करा' हे आमच्या प्रत्येक पत्रकाचं पहिलं वाक्य. आणि त्याच पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी जिना चढते तर वर काका उभे. "या काथ्याबाई! आज दीड शेड गडद. मोर्चा होता वाटतं?"

"काका, हे असं बोलायचं नसतं."

"का? काथ्या वाईट आहे? अगं, कुठल्याही काठाला चालतो तो."

"रंगावरून माणसाची—"

"मी माणसाचं कुठं बोलतो? मी शेडचं बोलतो."

काय करणार अशा माणसाचं? बरं, गोरा आणि काळा हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. म्हणजे भांडायलाही धड जागा नाही. "असल्या शेडच नसतात," ते म्हणतात. "नुसत्या काळ्याचे अकरा तागे होते आमच्याकडे. कुठला काळा, ते बोल." हे वाक्य मी एका पत्रकात सरळ चोरलं. काकांनी पत्रक उजेडात नेऊन वाचलं आणि छपाईतला लाल विटका आलाय, एवढंच सांगितलं.

माझ्या दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत. शाळेपासूनचे. आणि मला ते लेझरने भरून घ्यायचे होते. हो, मला. खड्डे आणि रंग हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत यावर मी आत्ता तीन पानं लिहून देईन, पण ती मैत्रिणींसमोर वाचायची माझी हिंमत नव्हती. म्हणून दादरच्या एका क्लिनिकमध्ये गुपचूप वेळ घेतली. फक्त आईला सांगितलं. आईने फक्त काकांना सांगितलं.

त्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत शेडकार्ड मारून जिन्यात हजर.

"मी येतो."

"कशाला?"

"कापड टाकायच्या आधी रंगारी बघायला नको?"

क्लिनिकमधल्या मुलीने आमच्यासमोर अल्बम उघडला. आधीचे गाल, नंतरचे गाल. काकांनी अंगठा ओला करून एकेक पान उलटलं. सगळे चेहरे दुधी.

"हे तागे आमच्या दुकानातले नाहीत, बाय. हिच्या शेडचा एक तरी दाखवा."

"सर, आमचं मशीन सगळ्या स्किनला सूट होतं."

"रंग पक्का आहे असं प्रत्येक दुकानदार सांगतो. चिंधी बुडवून बघितली का?"

धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत उडी मारली असती. वाट बघत बसलेल्या बायका मात्र कान टवकारून पुढे सरकल्या. त्यांतली एक तर उठून सरळ बाहेर गेली.

मला आशा होती की डॉक्टर तरी ह्यांना हाकलतील. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजोबा बरोबर बोलतायत." हे मला अजून खुपतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीला लेझरची उष्णता जास्त झाली, तर खड्डा भरला तरी तिथे काळपट डाग उठू शकतो, असं त्यांनी समजावलं. म्हणून आधी कानाखाली, नखाएवढ्या जागेवर करून बघायचं, सहा आठवडे थांबायचं, ऊन टाळायचं.

"सहा आठवडे! माझे दोन मोर्चे आहेत."

"छत्री घेऊन जा," काका म्हणाले.

डाग उठला. तिसऱ्या आठवड्यात कानाखाली नखाएवढा तुकडा, जांभळट तपकिरी. डॉक्टरांनी मलम दिलं, सनस्क्रीन दिलं. हा उतरेपर्यंत गालाला हात लावायचा नाही, मग कमी ताकदीवर बघू, म्हणाल्या. म्हणजे काकांमुळे माझे दोन्ही गाल वाचले होते. दुसरा कुणी 'बघ, मी सांगत होतो' म्हणून मोकळा झाला असता. काका तसं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याहून भयंकर केलं. ते दर रविवारी यायला लागले.

सकाळी नऊ वाजता, गॅलरीत, शेडकार्ड घेऊन. कानाला कापडाचे तुकडे एकामागून एक टेकवायचे. "वांगी. नाही, वांग्याच्या खालचा." मग खिशातल्या कागदावर टिपण. मग मोबाइलवर फोटो. शेजारीपाजारी चहाचे कप घेऊन बघायला उभे. मी छत्रीशिवाय खाली दिसले की तिसऱ्या मजल्यावरून आरोळी, "छत्री! पक्का होईल तो!" छत्री घेऊन पत्रकं वाटायला गेले तर मैत्रीण म्हणाली, "काय गं, काळी पडशील म्हणून भितेस?"

बाराव्या रविवारी माझा स्फोट झाला.

"काका, हे माझं कातडं आहे! तुमच्या दुकानातला तागा नाही! चारचौघांत शेड काय सांगता? लाज नाही वाटत?"

काकांनी शेडकार्ड मिटलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि घरात गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. खरं तर मी सुटले होते. पण तिसऱ्या रविवारी आरशात बघताना डाग आहे की गेला हेच मला कळेना, आणि ह्या माणसाशिवाय ते कुणाला विचारावं हे सुचेना. दुपारी, चिडूनच, त्यांच्या दाराशी गेले.

दार उघडं होतं. काका पाठमोरे बसून मोबाइलवर व्हिडिओ कॉल करत होते. पडद्यावर माणूस नव्हता. छताला फिरणारा पंखा होता. काका त्या पंख्याला सांगत होते, "तीन आठवडे बघितला नाही गं, रागावलीय ती माझ्यावर. पण बाराव्या रविवारी दोन शेड उतरला होता. खरंच."

"बाबा, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगता तुम्ही," पंखा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तो सुजाताताईचा आवाज होता. काकांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाशिकला नोकरी करते. बरीच वर्षं इकडे फिरकली नव्हती. कामात असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काकांनी मला बघितलं. बस म्हणाले नाहीत, जाही म्हणाले नाहीत.

"तिनं पण केलेलं. चार वर्षं झाली. तुझ्यासारखेच खड्डे. चिंधी नाही, काही नाही, एकदम ताग्यालाच हात घातला त्यांनी. तोंडावरचा स्कार्फ सोडला तेव्हा मी नुकता दुकानातून आलेलो. सवयीनं बाही धरली तिची. गॅलरीत नेलं. सगळे होते तिथं." ते थांबले. "शेड सांगितली मी."

मी उंबऱ्यावरच बसले.

"मोठ्यानं सांगितली. तेव्हापासून पंखाच बघतोय. चांगला आहे पंखा, क्रीम कलरचा. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणते, डाग पक्का बसला, आता कशाला. तुझा उतरायला लागला तसे फोटो धाडले तिला. म्हणते, कुणाचेही असतील."

माझ्या कानाचे फोटो माझ्या परवानगीशिवाय नाशिकला जात होते. एरवी यावर मी पत्रक काढलं असतं.

"तू दाखवशील तिला?" काकांनी विचारलं. "माझ्या शेडवर तिचा विश्वास नाही."

मी माझ्या मोबाइलवरून फोन लावला. पुन्हा तोच पंखा.

"जय भीम, ताई. मी प्राची, बाजूच्या खोलीतली."

"जय भीम. बोल गं."

"बोलत नाही. बघ." मी केस वर धरले, खिडकीशी गेले आणि कान पडद्यासमोर धरला.

"फोटो तुझे होते?"

"माझेच."

"कशानं उतरला?"

"मलम, छत्री आणि तुझ्या बाबांची कटकट."

ती हसली, अगदी थोडंसं. मग तिने विचारलं, "बाबा आहेत तिथे?"

काका माझ्यापासून तीन फुटांवर उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही म्हण.

मी कुणासाठी खोटं बोलत नाही. लोक मला त्यासाठीच टाळतात.

"नाहीत गं," मी म्हटलं. "खाली गेलेत."

पंखा हलला. तिरका झाला, भिंत सरकली, आणि सुजाताताईचा चेहरा समोर आला. मी बघत होते आणि मी कशी बघते हे ती बघत होती.

"जाईल का गं हे?"

"मला नाही माहीत. डॉक्टरांना विचारू. तू ये, मी येते तुझ्याबरोबर."

"दुपारी नको. संध्याकाळची वेळ घे."

"घेते."

नंतर आम्ही बराच वेळ बोललो, तिच्या ऑफिसबद्दल, माझ्या आईबद्दल, कशाकशाबद्दल. काका तेवढा सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. एकदाही वळले नाहीत.