टेबलावरचा तळ

प्राध्यापकांचं जाडजूड पुस्तक संध्याकाळी पाचला बांधून द्यायचं होतं, आणि बाइंडरबुवा सोळा पानांचा एक फर्मा शिवत होते तर दोन वाचत होते. बांधायला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय परत द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. हे पुस्तक तर साम्राज्यांबद्दल होतं, त्यामुळे सकाळपासून त्यांचा पारा चढलेला होता.

"ऐकतेस का? आधी मालासाठी फक्त एक वखार मागतात. मग वखारीला पहारा. मग घरच्याच माणसांना म्हणतात, जरा हळू चाला. आणि आजही तेच. परक्या देशात तळ ठोकायचा आणि म्हणायचं, तुमच्याच रक्षणासाठी आलोय." बोट दिलं की मनगट धरणारे लोक, असं म्हणत त्यांनी खळीचं भांडं बायकोच्या टेबलावर आणखी वीतभर पुढे सरकवलं.

टेबल तिचं, माहेरून आलेलं. तीन वर्षांपूर्वी बुवांनी दोन दिवसांसाठी, खळीपुरता एक कोपरा मागितला होता. मागून पुस्तकं दाबायचा शिकंजा आला, पुठ्ठे आले, खणाला कुलूप लागलं, आणि कागद उडू नयेत म्हणून पंख्यालाही बंदी झाली. आज चार वाजता तिच्या भरतकामाच्या वर्गाला पहिल्या तीन मुली येणार होत्या. हे तिने चारदा सांगितलं, आणि चारही वेळा बुवा परराष्ट्र धोरणात होते.

"मग शेवटी ते गेले कसे?" तिने विचारलं.

"अजून तिथवर आलो नाही."

जेवून, डुलकी काढून ते परतले, तर शेवटच्या प्रकरणाचा फर्मा गायब. बुवा पुठ्ठे उलटेपालटे करू लागले. अख्खं घर धुंडाळून झाल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "टेबल रिकामं झालं की सापडेल."

पावणेचारला माघार सुरू झाली. शिकंजा खाली उतरला, पुठ्ठे पलंगाखाली गेले. "खळीचं भांडं तेवढं राहू दे, तुझ्याच सोयीसाठी," ते म्हणाले, आणि स्वतःचेच शब्द कानावर पडताच ओशाळले. तीन वर्षं हिने एका शब्दाने तक्रार केली नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. भांडंही गेलं.

मुली टेबलाशी बसल्या. बुवा जमिनीवर मांडी घालून परत मिळालेला फर्मा वाचू लागले. साम्राज्य गेलं खरं, असं त्यात होतं, पण जाताना किल्ल्या सोबत घेऊन गेलं.

बुवांचा हात हळूच खिशावर गेला. टेबलाच्या खणाची किल्ली तिथेच होती.

त्यांनी चोरून वर पाहिलं. बायको मुलींना टाका दाखवत होती. मान न वळवता तिने तळहात पुढे केला.

"शेवट मी आधीच वाचलाय," ती म्हणाली.