वाजवी भावाचे गनीभाई

मला अॅम्ब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हा गनीभाईंनी त्या अॅम्ब्युलन्सचा भाव केला.

कोलाडच्या अलीकडे हायवेवर माझी स्कूटर घसरली होती आणि उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. गनीभाई कुणाचा तरी जुना टेम्पो बघायला निघाले होते, ते नेमके मागून आले. त्यांनीच फोन केला, त्यांनीच गर्दी मागे सारली, माझं डोकं मांडीवर घेऊन माझ्या तोंडाला पाणी लावलं तेही त्यांनीच. पण गाडी येऊन उभी राहिली आणि मला स्ट्रेचरवर घेतलं, तशी त्यांची नजर माझ्यावरून उठून गाडीवर गेली. वाकून त्यांनी मागची चाकं बघितली.

"टायर रिमोल्ड हायेत, जुन्यावर नवं रबर चढवलेलं," ते ड्रायव्हरला म्हणाले. "स्प्रिंगचे पाटे बसलेत. इंजिन बरं हाय. साडेतीन लाखाच्या वर एक रुपया नाय जाणार."

"चाचा, विकायची नाय ही," ड्रायव्हर म्हणाला.

"मी कुठं घेतोय? आपला वाजवी भाव सांगितला."

मग ते माझ्या शेजारी आत चढून बसले आणि दवाखाना येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

गनीभाई म्हणजे आमचे रोह्याचे शेजारी. तळमजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. धंदा जुन्या गाड्यांच्या एजंटचा. ट्रक, टेम्पो, जीप, ट्रॅक्टर, चाक असलेली कुठलीही वस्तू त्यांच्यासमोरून भाव सांगितल्याशिवाय जाऊ शकत नाही. लग्नाच्या वरातीत फुलांनी मढवलेल्या गाडीचा भाव त्यांनी साक्षात नवरदेवाच्या कानात सांगितला होता आणि वर "बोनेट रंगवलेलं हाय, मागं ठोकलेली असणार" असा आहेर केला होता. पण भाव सांगताना त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही. विकणाऱ्याला वाटायचं कमी सांगितला, घेणाऱ्याला वाटायचं जास्त सांगितला. "दोघं थोडे थोडे नाराज, म्हणजे भाव वाजवी," असं त्यांचं साधं गणित.

या माणसाच्या हातात त्यांच्या मुलानं, इम्राननं, एक भारी फोन ठेवला. इम्रान दोहाला असतो. मागे सुट्टीवर आला होता तेव्हा त्यानं बापाच्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला. लढाईचं मैदान, त्यात रणगाडे, चिलखती मोटारी, लष्करी ट्रक. खेळ फुकट. साधी गाडीही फुकट. चांगली गाडी हवी असेल तर मात्र खरे पैसे मोजायचे.

माझा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि मी घरी पडलो. धाटावच्या एका कंपनीत मी स्टोअरला आहे, तिथून बिनपगारी रजा. बायको नीता पेणच्या शाळेत शिकवते, ती सकाळच्या एसटीनं जायची ती दिवस कलल्यावर यायची. मधला अख्खा दिवस मी आणि छताचा पंखा. तेव्हा दुपारची नमाज झाली की गनीभाई समोरचं दार उघडून यायचे, त्यांच्या बायकोनं, जुलेखाभाभींनी, दिलेला डबा टेबलावर ठेवायचे आणि माझ्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून फोन उघडायचे. माझ्याही फोनमध्ये त्यांनी तो खेळ घालायला लावला.

खेळण्यात ते यथातथाच होते. त्यांचा सगळा जीव दुकानात. खेळाच्या आत एक दुकान होतं आणि गनीभाई लढाई सोडून तिथंच फिरत बसायचे.

"हे बघा सुधीरभाऊ. गाडी बाराशे मोहरांची. मोहरा विकत घ्यायच्या. पण पाकीट हजाराचं, नायतर दोन हजाराचं. बाराशेचं पाकीटच नाय. म्हणजे पावशेर मटण मागायला गेलो तर खाटीक म्हणतो अर्धा किलोच घे, उरलेलं माझ्याकडंच ठेव."

दुसऱ्या दिवशी पेट्यांवरून बिनसलं. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत गाडी निघाली तर निघाली. "हा धंदा नाय, मटका हाय. मी माझ्या गिऱ्हाइकाला सांगू काय, पैसे टाक, आन् शटर उघडल्यावर ट्रक निघंल का सायकल ते तुझं नशीब?"

एकदा तर ते खरोखर दुखावले. कंपनीनं एका रणगाड्याचं चिलखत पातळ केलं होतं. तो सगळ्यांना फार भारी पडत होता म्हणून. "लोकांनी पैसे देऊन घेतला तो. विकलेल्या गाडीचं इंजिन मागनं येऊन काढून न्यायचं? मी असं केलं तर रोह्यात उभा राहीन काय?"

मी म्हणायचो, "भाई, हे बनवणाऱ्यांनाही पगार द्यावे लागतात. निम्मी दुनिया फुकट खेळते, तिचा खर्च कुणाकडून तरी काढणारच ना."

"व्हय, काढू दे की. पोट सगळ्यांना हाय. मी फुकट मागतच नाय, मी वाजवी मागतो. भाव रुपयात लिहा, लपवू नका, एकदा विकली की हात लावू नका. आन् भाव असा ठेवा का कोलाडला दोन माणसं मासे-भाकरी खाऊन उठली एवढाच खर्च. तेवढ्याला कुणी नाय म्हणत नाय. शंभर माणसं घेतील. आता दहा घेतात, आन् नव्वद शिव्या घालतात."

समोरच्या दारातून जुलेखाभाभी ऐकत असायच्या. "घरातला मिक्सर महिनाभर बंद हाय," त्या मला सांगायच्या, "आन् हे इथं रणगाड्याचा भाव उतरवतायत."

या सगळ्या दुकानात गनीभाईंचा डोळा एकाच गाडीवर होता. सहा चाकांची, मातकट रंगाची चिलखती मोटार. किंमत रुपयांत सोळाशेच्या घरात जायची. रोज ते तिच्यापाशी जायचे, बोटानं गोल फिरवून पुढून-मागून बघायचे आणि उसासा टाकून बाहेर यायचे. "पाचशे. पाचशेची गाडी हाय ही." मला वाटायचं, आयुष्यभर ट्रक विकलेला माणूस, सहा चाकांचं प्रेम असणारच.

शेवटी त्यांनी ठरवलं, खेळाच्या मालकाशीच बोलायचं. मला टाइप करायला बसवलं. ते मराठीत सांगणार, मी इंग्रजी करणार. सुरुवात "मालकांना सलाम, घरचे सगळे खुशाल असतील" अशी होती. मी म्हटलं, हे कंपनीला लिहीत नाहीत. "का? कंपनीला घर नसतं?" मग गाडीचे गुणदोष आले, भाव जास्त का आहे ते आलं, आणि शेवटी "पाचशेला आजच उचलतो, टोकन पाठवू काय" असं विचारलं.

उत्तर लगेच आलं. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, वगैरे. गनीभाई खूश झाले. मी सांगितलं की हे उत्तर यंत्र देतं, तेव्हा ते म्हणाले, "मग परत लिहा. मालक दुकानात येईपर्यंत लिहायचं."

चार-पाच वेळा लिहिल्यावर एका बाईचं उत्तर आलं. एलेना असं नाव होतं. तिनं लिहिलं होतं, तुमचं पत्र मी पूर्ण वाचलं, किंमत ठरवणं माझ्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे पाठवलं आहे. आणि हो, घरचे खुशाल आहेत.

गनीभाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "बाई आपल्यासारखीच हाय. मधली. तिच्या हातात काय नाय, पण खोटं नाय बोलली."

त्या दिवसांत मी पुष्कळ हसलो. पाय मोडलेला माणूस इतका हसला याचं श्रेय दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

मग पेणच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. हाड जुळलं नव्हतं. आता ऑपरेशन, मग पुन्हा प्लास्टर. कंपनीतून साहेबांचा फोन आला, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अजून किती दिवस धरायचे?" स्टोअरचं काम उभ्यानं करायचं असतं. मी आणखी काही महिने उभा राहणार नव्हतो.

ऑपरेशन झालं, मी घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. नीताशी धड बोलेना, डबा उघडेना. गनीभाई आले, खुर्चीत बसले. मी वळलो नाही. फोन उघडला तरी बघितलं नाही. ते थोडा वेळ बसून गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. या दोन दिवसांत त्यांनी एकाही गाडीचा भाव सांगितला नाही, हे मला नंतर आठवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा फोन उशाखालून काढून माझ्या हातात दिला.

"उघडा. मी चालवतो, तुम्ही वर बसा."

"कुठं बसू?"

"गाडीत."

बघितलं तर तीच मातकट मोटार. तेव्हा कळलं की ती दोघांची गाडी आहे. एकानं आपल्या फोनवरून चालवायची, दुसऱ्यानं आपल्या फोनवरून वरच्या तोफेशी बसायचं. त्या अख्ख्या खेळात दोन माणसांना एकत्र बसता येईल अशी तेवढी एकच गाडी होती.

"भाव उतरला काय?" मी विचारलं. कितीतरी दिवसांनी मी आपणहून काही विचारत होतो.

"नाय. होती तेवढ्याला घेतली."

"सोळाशेला? भाई, तुम्हीच म्हणत होता..."

ते चष्मा पुसत राहिले. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"इम्राननं खेळ कशाला दिला माहिती हाय? फोनवर आमचं बोलणं होत नाय. तो विचारतो तब्येत कशी, मी म्हणतो बरी. मी विचारतो काम कसं, तो म्हणतो बरं. संपलं. तर म्हणाला, अब्बा, शुक्रवारी माझी सुट्टी असते, आपण हे खेळू, खेळता खेळता बोलू. पयले पयले यायचा तो बरोबर. वेगवेगळ्या गाड्यांत असायचो. तो म्हणायचा, ती दोन सीटची घ्या, मी चालवतो, तुम्ही बसा. मी म्हटलं, थांब, भाव उतरू दे. लुटतायत. तो म्हणाला, मी घेऊन देतो. मी म्हटलं, तू पण नाय घ्यायची, पैसा झाडाला लागत नाय. मी भाव करत बसलो. मग त्याची शिफ्ट बदलली, मग त्याचं येणं कमी झालं. आता येत नाय."

चष्मा घालत म्हणाले, "भाव करायची पण वेळ असते, सुधीरभाऊ. ती माझी चुकली. तुमच्या वेळी परत चुकवायची नव्हती. चला, बसा वर. नेम धरा, मी आडरस्त्यानं घेतो."

मी वर बसलो. पहिल्याच लढाईत त्यांनी गाडी नदीत घातली.

पुढचे कित्येक आठवडे मी त्या गाडीत रोज बसलो. ते चालवायचे आणि बोलायचे: धरमतरच्या जेट्टीवर विकलेला पहिला ट्रक, डोलवीला कारखान्यात लावलेले टेम्पो, लग्नानंतर भाभींना पहिल्यांदा बसवून आणलेली जीप. मी डबा खाऊ लागलो. नीता एकदा लवकर घरी आली आणि दारातच उभी राहून ऐकत राहिली. त्या दिवशी भाभींना द्यायला तिनं पेणहून पोह्याचे पापड आणले होते. पापड हातात तसेच धरून ती रडली. मी हसताना तिला ऐकू आलो होतो म्हणे.

एक दिवस दुकानात नवीन पाटी लागली. ती मोटार निम्म्या किमतीत, थेट रुपयांत, मोहरांचं पाकीट नाही, पेटी नाही. मी ते आधी बघितलं आणि गनीभाईंना दिसू नये म्हणून दुकान उघडायचंच टाळू लागलो.

"लपवू नका," ते म्हणाले. "कालच बघितलं. वाजवी हाय आता. बाईनं पोचवलं वाटतं वरती."

"तुमचे आठशे गेले, भाई."

"ज्यांना आता घ्यायचीय त्यांचं भलं झालं की."

त्या संध्याकाळी मी भाभींकडून इम्रानचा नंबर घेतला. उपदेश करायचा माझा अधिकार नव्हता. एवढंच सांगितलं, "तुझ्या अब्बांनी ती दोन सीटची गाडी घेतली रे. पूर्ण भावानं." मग तो म्हणाला, "अब्बांनी? पूर्ण भावानं?" आणि बापाला बरं नाही का, असं घाबरून विचारलं.

पुढच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून गनीभाई आले. प्लास्टर निघालं होतं, मी कुबडीवर घरातल्या घरात फिरू लागलो होतो. आम्ही गाडीत बसणार एवढ्यात त्यांच्या फोनवर इम्रानचं नाव उगवलं. खेळात आला होता. गनीभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे बघितलं. गाडीत जागा दोनच.

"माझे पायाचे व्यायाम राहिलेत," मी म्हणालो. "तुम्ही चालू द्या." आणि मी गाडीतून उतरलो.

गॅलरीत जाऊन मी कठड्याला धरून उभा राहिलो. आतून इम्रानचा आवाज येत होता, "अब्बा, डावीकडं बघा, डावीकडं," आणि गोळ्यांचा धडधडाट. आणि त्या सगळ्यातून गनीभाई आपल्या मुलाला सावकाश, एकेक करून विचारत होते. खोलीत किती जण हायेत? गादी बरी हाय काय? सांदण आवडतं तुला, तिकडं कुठं मिळतं काय?

गाडी कधीच फुटली होती. मैदानात नवी लढाई सुरू झाली होती. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं.