दत्ताभाऊजी गाव मोजायला गेले

आमच्या शेजारचे दत्ताभाऊजी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर ठेवतात. व्हर्नियर म्हणजे कागदाचीसुद्धा जाडी सांगणारं लोखंडी माप. साकीनाक्याच्या गाळ्यात लेथ मशीनवर लोखंड कातण्यात जन्म गेला. रिटायर झाले, तरी माप काही सुटलं नाही. परवा मी गरम थालीपीठ नेऊन दिलं तर खाण्याआधी मोजलं.

"कडेला पातळ झालंय, वहिनी."

"खायचंय की मशीनला लावायचंय?" मी म्हटलं. त्यावर दोन खाल्ली.

'अंदाजे' म्हटलेलं त्यांना खपत नाही. प्लंबर "अंदाजे तासाभरात येतो" म्हणाला, की हे घड्याळ घेऊन दारात उभे. पण एवढा सरळ माणूस मी आयुष्यात पाहिला नाही हो.

आणि हा माणूस लेखक! कोकणातल्या आपल्या गावावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, तेही गाव न बघता. त्यांचे वडील आपल्या भावांशी भांडून मुंबईला आले ते परत गेलेच नाहीत. सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. आईंची आता नजर गेलीय, पण घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, अजून त्यांच्या डोळ्यांसमोर. "चारशे माणसांची पंगत बसायची एकावेळी!"

छापायला द्यायच्या आधी खात्री करायला भाऊजी गावी गेले. खळ्यात टेप पसरली मात्र, वाडी गोळा झाली. मुंबईकर माप घेतोय म्हणजे दुसरं काय? चुलतभाऊ पुढे आला.

"दादा, वाटो मागूक इलास?"

"नाय रे, पुस्तकासाठी."

ह्यावर तर कोणाचाच विश्वास बसेना. चहा राहिला बाजूला, 'मला जमिनीत काही नको' असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. ह्यांनी तेही सुवाच्य अक्षरात, भावाच्या मजकुरातल्या दोन चुका सुधारून दिलं.

"साडेतेरा फूट बाय अकरा," परत आल्यावर मला म्हणाले. "वीस माणसं, वहिनी. तीही गुडघे आवळून. सगळं खोटं लिहिलंय मी. फाडून टाकतो." हस्तलिखित टेबलावरच होतं.

तेवढ्यात आतून आईंची हाक आली. "दत्ता, खळां तेवढांच आसा मां रे?"

हा बाबा इंचासकट सांगणार, आणि म्हातारीचं जे काय उरलंय ते आज जाणार.

भाऊजींनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग आत जाऊन तिच्या पायाशी बसले.

"आसा गे आये. टेप पुराक नाय."

"मगे!" म्हातारी खुदकन हसली. "आणि खळ्याच्या कडेक ती अबोली..."

"थांब," म्हणून भाऊजींनी बाहेरच्या टेबलावरून हस्तलिखित आणलं, कोरं पान काढलं. "आता सांग. मी लिवतंय."

ती सांगत राहिली. फुलं किती, कुठल्या बाजूला, एकदासुद्धा त्यांनी विचारलं नाही.