मौजे अंजूरच्या थांब्याची मोहीम

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, प्रांत भिवंडी येथे जे वर्तमान घडले त्याची हकीकत ऐसीजे. राजेरजवाड्यांच्या लढाया लिहिणारे लेखणीबहाद्दर आजवर बहुत जाहले, परंतु एक बस एके ठिकाणी उभी राहावी येवढ्याकरिता पंधरा दिवस जी रणधुमाळी माजली ती कोणी लिहिली नाही, कारण लिहिणारे बहुतेक मोटारीने फिरतात. सबब हे लिहिणे प्राप्त जाहले. वाचणारांनी हसू नये, आणि हसलेच तर आपण कोणास हसतो हे आधी ठरवावे.

मौजे अंजूर हा खाडीकाठचा गाव. पूर्वी तेथे भात पिके, हल्ली गोदामे पिकतात. त्या गावी गुणाबाई नामे बाई, वय पंचावन्न, डोईवर पाटी आणि जिभेवर मिरची, ऐसी तिची ख्याती. दोन गोदामांच्या भिंतींमध्ये तिची इवलीशी वाडी कशीबशी उरली होती, त्यात मेथी, मुळा आणि लाल माठ लावावा आणि रोज पहाटे निजामपुऱ्याच्या बाजारात नेऊन विकावा हा तिचा कारभार. बाजारात तिची जागा होती, मागे भिंत, पुढे गटार, मध्ये एक गोणपाट मावेल इतकी. ती आधी सासूने राखली आणि मग चाळीस वर्षे गुणाबाईने राखली. परंतु तेथला दस्तूर कडक. सात वाजेतो जो बसला त्याची जागा, आणि जो नित्य उशीर करील त्याचे वतन बुडाले. हल्ली मोबाइलची कव्हरे विकणारा एक इसम तेथे खोका मांडू लागला होता. गुणाबाई आली म्हणजे तो उठे, परंतु दर दिवशी मागल्या दिवसाहून सावकाश उठे. तो उठेनासा होईल त्या दिवशी आपले राज्य गेले, हे ती पक्के जाणून होती.

उशीर होण्याचे कारण शेअर रिक्षांचा अंमल. त्यांचा कायदा असा की मागे तीन आणि पुढे एक असे चार असामी भरल्याविना रिक्षा जागची हलणार नाही, आणि पाटी सोबत असेल तर पाटी ही पाचवी असामी. मग पाटीवाली दिसताच रिक्षावाले आभाळाकडे पाहू लागत, जणू तिकडून कोणी भाडे येणार होते. गुणाबाईचा रोज एक तास त्यात खर्ची पडे.

ऐशा समयी सरकारात हरित प्रवास कक्ष या नावाचे नवे ठाणे कायम जाहले आणि त्यावर श्रीनाथराव साहेब यांची नेमणूक जाहली. श्रीनाथराव म्हणजे शाश्वत वाहतुकीचे थोर जाणते. रोज ठाणे शहराहून एकटा जीव सात माणसांच्या मोटारीत बसोन निघत, वाटेत कशेळीच्या पुलावर ट्रेलरांच्या वेढ्यात तास तास अडकत, आणि अडकले जागेवरून फोनवर लोकांस उपदेश करीत की लोकांनी मोटारी वापरू नयेत. त्यांणी पायी चालण्याचे महत्त्व या विषयावर मोठा दरबार भरविला, तेव्हा सभागृहाबाहेर मोटारी इतक्या लागल्या की पायी चालणारांस तो रस्ता दिवसभर बंद करावा लागला. अध्यक्षांनी त्याबद्दल त्यांस शाल दिली.

या साहेबांनी फर्मान काढिले की मौजे अंजुरास निजामपुऱ्यापावेतो जाणारी विजेची बस बहाल केली असे, पंधरा दिवस तिची परीक्षा होईल, माणसे मिळाली तर कायम आणि न मिळाली तर बंद. मग हिरवी बस आली, अंगावर पाने रंगविलेली आणि पानांखाली "प्रवास सर्वांचा" ऐसी अक्षरे. बसमागोमाग थांब्याची लोखंडी शेड आली. ती चिंचेखाली बसवावी, कारण गाव तेथेच पिढ्यान्‌पिढ्या वाहनाची वाट पाहत आला, हे शेंबड्या पोरासही कळत होते. परंतु ठेकेदाराची फौज ट्रक घेऊन गोदामाच्या फाटकापाशी पोचली तोच जेवणाची वेळ जाहली, आणि त्यांणी डबे उघडिले, आणि डबे संपल्यावर तेथेच चार बोल्ट ठोकिले आणि फोटो काढून कूच केले. येणेप्रमाणे जेथे ठेकेदारास भूक लागली तेथे सरकारचा थांबा जाहला.

पहिले दिवशी गुणाबाई दोन पाट्या घेऊन त्या थांब्यावर जावयास निघाली. चिंचेपासून सहाशे पावले, आणि वाटेत ट्रेलर मागे येत आहेत, पुढे जात आहेत, मध्येच आडवे होत आहेत, आणि माणसाने जावे कोठून याचा विचार कोणी केलेला नाही. एक ट्रेलर मागे सरला तो मेथीची पाटी चिरडून गेला आणि गुणाबाईचे पाऊल वीतभराने वाचले. शेडीत पाहते तो गोदामाच्या पहारेकऱ्यांच्या मोटारसायकली विसावल्या आहेत आणि दांडीवर गंजिफ्राक वाळत आहेत, आणि बस तोवर निघोन गेली. दुसरे दिवशीपासून ती आणि सारा गाव पुन्हा चिंचेखाली उभा राहू लागला आणि बसला हात करू लागला. आणि बस रोज फाटकापाशी थांबे, कोणी चढत नसे, मग ती रिकामीच चिंचेखालच्या गर्दीसमोरून निघोन जाई.

सातवे दिवशी मोठा चमत्कार जाहला. चिंचेपाशी वाहने तुंबली आणि बस गावकऱ्यांच्या पुढ्यात उभी ठाकली. आत एक मनुष्य नाही, बाहेर तीस, आणि मध्ये बंद दार. गुणाबाईने खिडकीवर थाप मारिली. चालक जीवन नामे जवळच्याच गावचा, स्वभावे गरीब, त्याणे काच सरकविली.

"अरं, थांबलाच हायस तर दार उघड ना!"

"मावशी, हे थांबणं न्हाय, ट्रॅफिक हाय."

"मंग थांबणं कशाला म्हनतात रं तुज्या गावात?"

"शेड दिसली की थांबायचं, असा हुकूम हाय. मध्ये दार उघडलं तर मशीनमध्ये दिसतं, ड्युटी जाते माझी. शेड हितं असती तर हितं थांबलो असतो, आईशपथ."

दहा मिनिटे बस तेथे होती. मग वाट मोकळी जाहली आणि ती गेली. त्या दिवशी कव्हरवाला उठला, परंतु उठता उठता म्हणाला की चाची, कल से उधर कोने में बैठो ना. त्या रात्री गुणाबाई जेवली नाही.

मग ती खासा वकिलीस निघाली आणि हरित प्रवास कक्षात दाखल जाहली. दोन तास बाकावर बसविल्यानंतर साहेबांची मुलाखत जाहली. साहेबांनी हुकूम फर्माविला की थांबा एकदा बसला तो बसला. तो हलविणे म्हणजे स्थलांतराचा प्रस्ताव, प्रस्तावास समिती, समितीस सर्वेक्षण, सर्वेक्षणास निविदा, येणेप्रमाणे अठरा महिने, आणि तोवर थांब्यास हात लावण्याचा अधिकार कोणासही नाही, खुद्द आपणासही नाही. पुढे असेही फर्माविले की अंजूरची प्रजा सार्वजनिक वाहनाविषयी उदासीन आहे हे मशीनवरून सिद्धच जाहले, अहवाल लिहोन होत आला, आणि मूळ अडचण लोकांची मानसिकता हीच असे. मानसिकता बदलावी म्हणून साहेबांनी तिला एक माहितीपत्रक आणि पाने छापलेली कापडी पिशवी दिली.

"सायेब," गुणाबाई म्हणाली, "आमी येवढी मानसं बदलायची, आनि चार बोल्ट हायत ते न्हाय बदलायचं?"

साहेबांनी घंटी वाजविली आणि चहा मागविला, एक कप.

गुणाबाई गावी परतली आणि चिंचेखाली मसलत बसली. तिचा दीर नामा गोदामात यंत्रे दुरुस्त करी, पान्यांचा सारा तोफखाना त्याचेपाशी. गुणाबाईने मनसुबा सांगताच त्याचे तोंड उतरले.

"वैनी, सरकारी वस्तू हाय ती. केस होईल."

"चोरायची न्हाय रं. वाट चुकलीय ती, घरी आनायचीय."

यावर म्हातारा सावळाराम, ज्याने जन्मभर खाडीत होड्या हाकल्या, तो बोलला की होडी चिखलातून काढून खांद्यावर काठाला आनतो, ही तर पत्र्याची, ही काय जड! मग सर्वांस धीर आला आणि रविवार मुक्रर जाहला.

रविवारी भर दुपारी बारा वाजता फौजेने कूच केले. बावीस असामी, त्यात सात बायका. बांबू, दोर आणि नामाचे लोखंडी पाने ऐसा सरंजाम. आता ईश्वराची करणी पाहावी की गावातले बहुतेक लोक गोदामातच ड्युटी करीत, म्हणोन अंगावर त्यांणी ड्युटीचीच नारिंगी जाकिटे घातली होती. पहारेकऱ्यांनी ती जाकिटे पाहिली आणि हे ठेकेदाराचेच लोक ऐसे समजोन आपल्या मोटारसायकली झटपट बाहेर काढिल्या आणि गंजिफ्राकही काढिले. नामाने चार बोल्ट खोलिले, बांबू खाली घातले, सावळारामाने हाक दिली आणि शेड खांद्यांवर चढली. तो वरिष्ठ पहारेकऱ्यास स्फुरण चढले आणि त्याणे रस्त्यात उभे राहोन शिट्टी फुंकिली, आणि दोन्ही बाजूंचे ट्रेलर जागच्या जागी थबकले. पाटीवालीसाठी जे ट्रेलर कधी थांबले नव्हते ते पत्र्याच्या शेडीसाठी अदबीने थांबले. गुणाबाईने हे पाहिले आणि थुंकली, आणि पुन्हा बांबूस खांदा दिला.

सहाशे पावले चालून शेड चिंचेखाली आली. टेकविते समयी नामाच्या पायाचा अंगठा खाली सापडला आणि एक नख कामी आले, परंतु त्याणे हूं की चूं केले नाही, फक्त ठेकेदाराच्या आईचे नाव घेतले. मग सिमेंट कालविले, बोल्ट ठोकिले आणि सातही बायकांनी आत बसोन पाहिले.

सोमवारी पहाटे जीवन फाटकापाशी आला तो शेड गायब. त्याणे बस हळू केली, डोळे चोळिले, आणि पुढे आला तो चिंचेखाली शेड आणि शेडीत सारा गाव. हुकूम तो हुकूम. शेड दिसली की थांबणे. बस थांबली, दार उघडिले, तिसांवर माणसे चढली, आणि तिकिटांचे यंत्र, जे इतके दिवस उपाशी होते, ते टर्र टर्र करोन दमले. गुणाबाईची पाटी जीवनने स्वतः आत ओढून घेतली.

सव्वासहास गुणाबाई निजामपुऱ्यात पोचली. कव्हरवाला आला तो गोणपाट अंथरलेले, त्यावर मेथीच्या जुड्या आणि त्यामागे ती. तो आपला खोका उचलोन स्वतःच कोपऱ्यात गेला. आनंद जाहला. तिने तो लपविला नाही, शेजारणीस दोन मुळे फुकट दिले.

पंधरावे दिवशी श्रीनाथराव साहेब बस बंद केल्याचा अहवाल घेऊन जातीनिशी स्वारीस निघाले. फाटकापाशी पाहतात तो थांबा नाही. साहेब बहुत संतापले आणि चिंचेखाली येऊन गर्जले की हा राजद्रोह आहे, थांबा या घटकेस पूर्ववत फाटकापाशी नेण्यात यावा. नामा बँडेज बांधलेला पाय मागे घेऊ लागला. तोच बाजाराहून परतलेली गुणाबाई बसमधून उतरली आणि रिकामी पाटी काखेत मारून साहेबांसमोर उभी राहिली.

"सायेब, थांबा हालवायचा तर अठरा म्हयनं लागतात. परस्ताव, समिती, सर्वेक्षन, निविदा. तवर हात लावायचा कुनालाच अधिकार न्हाय, तुमाला बी न्हाय. तुमीच सांगितलंत. करा अर्ज."

शेडीत बसलेले सारे हसले. मग जीवनने तिकिटांचा आकडा दाखविला, तो पाहताच साहेबांची मुद्रा पालटली. ते मोटारीत बसले, काच वर केली, आणि अहवालाचे शेवटचे पान फाडून नवे लिहू लागले.

पुढे बस कायम जाहली. लोकसहभागातून थांब्याचे सुयोग्य स्थाननिर्धारण, ऐशा मथळ्याखाली साहेबांच्या दूरदृष्टीची तारीफ छापोन आली आणि त्यांस बढतीची वस्त्रे मिळाली. शेडीवर संगमरवरी पाटी लाविण्याचा समारंभ जाहला, त्यास अकरा मोटारी आल्या. पाटीवर साहेबांचे नाव, त्यांच्या साहेबांचे नाव, आणि ज्याचे जेवण थांब्याचे मूळ कारण जाहले त्या ठेकेदाराचेही नाव कोरले आहे. गुणाबाईचे नाव नाही. भाषणात कोणी तिची आठवण काढिली आणि तिला पुढे बोलावा म्हणोन हाका मारिल्या, परंतु ती हजर नव्हती.

सकाळचे दहा वाजले होते. ती निजामपुऱ्यात आपले जागी बसली होती आणि तिची दुसरी पाटी संपत आली होती. येणेप्रमाणे मौजे अंजूरची मोहीम फत्ते जाहली, हे लिहोन ठेविले असे.